सांधेरोपणानंतर गुडघा पुरेसा वाकत नाही : पुन्हा भूल देऊन वाकवून घ्यावा का?

गोदाकाठची (धागाकर्ती)

नमस्कार. माझ्या सासूबाईंच्या उजव्या गुडघ्याचे सांधेरोपण नाशिकमधील एका खासगी रुग्णालयात होऊन दीड महिना उलटला आहे. जखम भरली, टाके निघाले, वॉकर घेऊन त्या घरात हिंडतात. परंतु गुडघा 70 अंशांपलीकडे वाकत नाही आणि पाय लांब करून बसल्या तरी गुडघ्याखालून हात सहज आरपार जातो, म्हणजे तो पूर्ण सरळही होत नाही. शल्यचिकित्सकांचे म्हणणे असे की, आतमध्ये चिकट पेशीजाल तयार झाले आहे, तेव्हा येत्या दोन-तीन आठवड्यांत भूल देऊन, कुठेही न चिरता, पाय वाकवून ते मोकळे करावे. सासरे म्हणतात, "एकदा कापून झाले, आता मोडायचे का?" पुण्याचे दीर दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्या म्हणतात. सासूबाईंचे म्हणणे इतकेच, की त्यांना कोणी विचारतच नाही.

आमचे घर पंचवटीत, जुने, पहिल्या मजल्यावरचे. संक्रांतीच्या दिवशी धाकट्या पुतण्याने मांज्याची चक्री अडकवायला वॉकर गच्चीवर नेला आणि सासूबाई भिंत धरून न्हाणीघराकडे निघाल्या. दारातले पायपुसणे सरकले. मी मागेच होते म्हणून सावरले, लागले काहीच नाही, एक्स-रेही नीट आला. पण तेव्हापासून त्या इतक्या घाबरल्या आहेत की, व्यायामाचे नाव काढले तरी डोळे मिटून घेतात. ज्यांच्या घरी असे घडले आहे त्यांनी भूल देऊन पाय वाकवून घेतला का, की थांबण्याने फायदा झाला, हे सविस्तर लिहावे.

चहाबाज

वॉकरने गच्चीवर जाऊन पतंग उडवले, हे वाचून मन भरून आले. पुतण्यालाच वॉकरचा रखवालदार नेमा आणि वॉकर जागेवर नसला तर तिळगूळ बंद असा नियम करा. पायपुसणी मात्र आजच घरातून हद्दपार करा, हे गमतीत लिहिलेले नाही.

सिडकोकर

आमच्या आईचे हेच झाले होते आणि आम्ही वाकवून घेतले. कमरेत इंजेक्शन देऊन खालचा भाग बधिर केला आणि प्रत्यक्ष काम काही मिनिटांतच संपले. मी बाहेर होतो. डॉक्टरांनी नंतर सांगितले की, आतले बंध सुटताना कुरकुर असा आवाज येतो आणि तो ऐकून नवख्या परिचारिका दचकतात. शस्त्रक्रियेच्या मेजावर पाय 110 अंशांपर्यंत गेला होता, दुसऱ्या दिवशी सकाळी तो 80 वर परत आला. आम्ही हताश झालो. परंतु हे अपेक्षितच असते, असे नंतर कळले. खरी कसोटी पुढच्या दोन आठवड्यांची असते. भूल उतरताच व्यायाम सुरू झाला नाही, तर सगळे केलेले वाया जाते. आईच्या खोलीतून येणारे आवाज ऐकून शेजारच्या काकू एकदा विचारपूस करायला आल्या होत्या. आज आई खुर्चीतून हातांचा आधार न घेता उठते. सासऱ्यांना सांगा की, यात काही मोडत नाहीत. हाड मोडण्याचा किंवा स्नायूबंध तुटण्याचा धोका असतो, पण तो विरळा. हाडे फार ठिसूळ असतील तर डॉक्टरांना आधी विचारावे.

मुक्काम देवळाली

मी माझ्या स्वतःच्या गुडघ्याविषयी लिहितो आणि माझे मत सिडकोकरांच्या उलट आहे. दीड महिन्याच्या सुमारास माझा पाय जेमतेम 80 अंश वाकत असे, मलाही हाच सल्ला मिळाला होता आणि मी तो नाकारला. रोज पहाटे आणि संध्याकाळी पलंगाच्या कडेला बसून, चांगला पाय दुखऱ्या पायावर ठेवून तो मागे रेटायचा, एवढेच करत राहिलो. सहा महिन्यांनी 110 अंश झाले. डॉक्टर घाई करतात, रुग्ण घाबरतात, आणि शरीराला स्वतःचा वेळ हवा असतो हे कोणी ध्यानात घेत नाही. दुसरे मत जरूर घ्यावे.

सरळ रेषा

मी गेली अनेक वर्षे गंगापूर रोडवर फिजिओथेरपी करते, म्हणून थोडे विस्ताराने लिहिण्याची परवानगी असावी. रुग्ण पाहिलेला नाही, तेव्हा हा सल्ला नव्हे, डॉक्टरांना काय विचारायचे याची तयारी समजावी.

सपाट जमिनीवर चालताना गुडघा साधारण 65 ते 70 अंश वाकावा लागतो, जिना चढताना 80 ते 85, उतरताना 90 च्या आसपास आणि नेहमीच्या उंचीच्या खुर्चीतून सहज उठायला 95 ते 105. म्हणजे 70 अंशांवर सासूबाई घरात चालतील, पण पहिल्या मजल्यावरचे घर त्यांच्यासाठी कोंडवाडाच राहील. पंचवटीतल्या जुन्या घरांच्या पायऱ्या उंच असतात, हेही हिशेबात धरायला हवे.

आतले पेशीजाल सुरुवातीला ओल्या मातीसारखे असते; ते वाळून घट्ट होण्याआधी मोकळे केले तर थोड्या जोराने भागते. म्हणून भूल देऊन पाय वाकवण्याचा विचार बहुधा सहा ते बारा आठवड्यांच्या दरम्यान केला जातो. तीन महिन्यांनंतर त्याचा उपयोग घटतो आणि मग दुर्बिणीतून किंवा पुन्हा उघडून ते कापण्याची पाळी येऊ शकते. देवळालीकरांना यश आले हे खरे, पण ते 80 वर असताना रोज पुढे सरकत होते. ज्याचा कोन दर आठवड्याला थोडा वाढतो आहे आणि ज्याचा जागच्या जागी अडकला आहे, या दोघांना एकच उत्तर लागू पडत नाही.

त्याआधी दोन गोष्टी तपासून घ्याव्यात. पहिली म्हणजे जंतुसंसर्ग. ताठरलेला, गरम, सतत ठणकणारा गुडघा आतून पिकत असू शकतो आणि तसा गुडघा रेटून वाकवणे चुकीचे. रक्तातील सीआरपी (शरीरातला दाह दाखवणारा घटक) शस्त्रक्रियेनंतर आधी वाढतो आणि साधारण सहा आठवड्यांत पूर्वपदावर येतो. ईएसआर ही दाहाचीच दुसरी रक्ततपासणी, ती खाली यायला त्याहून बराच अधिक वेळ घेते. सीआरपी वाढलेला असेल तर सुईने गुडघ्यातील पाणी काढून तपासतात. हे करण्याआधी घरातला जुना अँटिबायोटिक कोणी सुरू करू नये, कारण मग तपासणीत जंतू सापडत नाहीत आणि आजार दबून राहतो. दुसरी म्हणजे कृत्रिम सांध्याचे माप आणि बसवण्याची दिशा एक्स-रेवर पाहणे. सांधाच घट्ट बसला असेल, तर कितीही वाकवले तरी तो परत अडेल.

आता माझे तीन प्रश्न. शस्त्रक्रियेआधी गुडघा किती वाकत होता? कारण नंतर किती वाकेल हे सर्वाधिक त्यावरच ठरते. झोपताना गुडघ्याखाली काही ठेवता का? आणि वेदनाशामक गोळी व्यायामाच्या आधी देता की नंतर?

गोदाकाठची

सरळ रेषा ताई, तुमचा एकेक प्रश्न वाचून मी आणि जाऊबाई एकमेकींकडे पाहत राहिलो. आधीही गुडघा 90 च्या पुढे वाकत नव्हता, कारण सासूबाईंनी शस्त्रक्रिया बरीच वर्षे पुढे ढकलली होती. लोडाचे म्हणाल, तर सासरे रोज रात्री स्वतः उठून त्यांच्या गुडघ्याखाली लोड सरकवतात, कारण तसे केले की त्यांना झोप लागते. आणि वेदनाशामक गोळी फक्त रात्री दिली जाते. दिवसा दिली तर मूत्रपिंड खराब होते, असे सासऱ्यांनी कुठेतरी वाचले आहे. त्यामुळे सकाळी फिजिओथेरपिस्ट येतात तेव्हा सासूबाई गोळीविनाच रडत असतात.

सरळ रेषा

लोड आज रात्रीपासून बंद. गुडघ्याखाली उशी ठेवली की बरे वाटते, कारण सांध्याला अर्धवट वाकलेली स्थिती सर्वांत सोयीची वाटते, आणि नेमका तिथेच तो आखडतो. उलट टाचेखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवून गुडघा हवेत मोकळा राहू द्यावा, दिवसातून तीन-चार वेळा, सोसेल तितका वेळ. पाय दहा अंश जरी वाकडा राहिला, तरी उभे असतानासुद्धा मांडीचा स्नायू सतत काम करत राहतो, लवकर थकतो आणि कायमचे लंगडणे मागे लागते. भूल देऊन वाकवल्याने वाकणे सुधारते, पण सरळ होणे तितके सुधारत नाही. त्यामुळे शल्यचिकित्सक काय ठरवतील ते ठरवोत, लोडाचा निर्णय घरातच घ्यायचा आहे.

गोळीविषयी सासऱ्यांची शंका अगदीच निराधार नाही. काही वेदनाशामके मूत्रपिंडाला, विशेषतः वयस्करांना, त्रास देतात. परंतु पॅरासिटामॉल त्या गटातले नाही, आणि डॉक्टरांनी क्रिअॅटिनीन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारी रक्ततपासणी) पाहून दिलेली गोळी व्यायामाच्या अर्धा-पाऊण तास आधी देणे हा औषधाचाच भाग आहे. वेदना आवरल्याशिवाय व्यायाम होत नाही, आणि व्यायाम झाला नाही तर पुढची वेदना लांबते.

चहाबाज

लोड सरकवणाऱ्या सासऱ्यांचे प्रेम पाहून मला माझ्या वडिलांची आठवण झाली. आई त्यांच्या गुडघ्यावर फ्रीजमधील मटारची पिशवी ठेवत असे. एका रविवारी ती पिशवी पुलावात गेली, आणि जेवणाच्या टेबलावर वडील तेवढे पुलाव न घेता वरणभात खात होते, कारण कोणती पिशवी कुठून आली हे फक्त त्यांनाच ठाऊक होते.

रानफूल

नाशिकच्या जानेवारीत गुडघ्यावर बर्फ ठेवा म्हटले की, रुग्णापेक्षा नातेवाईकच आधी ओरडतात. आमच्याकडे आत्याने शेकायला गरम पाण्याची पिशवी आणली होती. सुजलेल्या, गरम लागणाऱ्या गुडघ्याला व्यायामानंतर कापडात गुंडाळलेला बर्फ पंधरा-वीस मिनिटे, असे आम्हाला सांगितले होते, आणि थंडीतही तेच केले.

मला मात्र डिंकाच्या लाडवांविषयी लिहायचे आहे. आईला मधुमेह आहे, हे सगळ्यांना ठाऊक होते. तरी भेटायला येणारी प्रत्येक मावशी हाडे भरून यायला हवीत म्हणून डबा घेऊन आली, आणि आई कोणाचे मन मोडू नये म्हणून खात राहिली. साखर वाढली. टाके काढल्यावर जखमेच्या खालच्या टोकातून पाणी येऊ लागले आणि आमच्या पायाखालची जमीन सरकली. सुदैवाने संसर्ग वरच्या थरातच होता. ड्रेसिंग, औषधे आणि साखरेवर ताबा यांनी तो आटोक्यात आला. पण तो सांध्यापर्यंत पोहोचला असता तर पुन्हा उघडून धुणे, आणि त्यानेही न भागल्यास सांधा काढून काही काळाने नवा बसवणे, एवढे पुढचे मार्ग डॉक्टरांनी समोर मांडले होते. गोदाकाठची, तुमच्याकडे लाडू आले आहेत का?

गोदाकाठची

आले आहेत. दोन डबे. सासूबाईंना मधुमेह नाही, ते दोन्ही डबे सासरे संपवत आहेत.

पंचवटीचा पंत

लाडवांची बदनामी थांबवावी, अशी मी नम्र विनंती करतो. मधुमेह नसलेल्या माणसाने थंडीत रोज एक लाडू खाल्ला तर त्याचा गुडघा काही ताठ होत नाही. पण प्रथिने हवीत हे खरे. माझ्या शस्त्रक्रियेनंतर आहारतज्ज्ञांनी डाळी, दही, पनीर, अंडी यांवर भर दिला होता, आणि लाडवांचा उल्लेखच केला नव्हता, याचे मला अजूनही वाईट वाटते.

आनंदवल्ली

पुढचे मी थोडे गंभीरपणे लिहिते, कारण वरचे प्रतिसाद वाचताना मला आमचा तो आठवडा आठवला. शस्त्रक्रियेनंतर तिसऱ्या आठवड्यात बाबांची पोटरी दुखू लागली. शिर आखडली असेल म्हणून काकांनी कुठल्याशा वाताच्या तेलाने दोन दिवस मालिश केली. पोटरी सुजून घट्ट झाली, हाताला गरम लागू लागली. फिजिओथेरपिस्टनी पाहताक्षणी व्यायाम थांबवला आणि डॉपलर (शिरांतील रक्तप्रवाह पाहणारी सोनोग्राफी) करायला पाठवले. पोटरीवरच्या खोल शिरेत रक्ताची गुठळी होती. रक्त पातळ ठेवणारे औषध बाबांना शस्त्रक्रियेनंतर दिलेच होते, पण डबीत सकाळच्या आणि रात्रीच्या गोळ्या एकत्र झाल्या होत्या आणि ती नेमकी गोळी बरेच दिवस चुकली होती. त्यानंतर तीन महिने उपचार चालले. अशी गुठळी सुटून फुप्फुसात गेली तर जीव जाऊ शकतो. म्हणून अशा पायाला मालिश म्हणजे आगीशी खेळ.

एका पायाची पोटरी दुसऱ्यापेक्षा ठळकपणे सुजली, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. अचानक धाप लागली, छातीत दुखले, खोकल्यातून रक्त आले, तर 108 ला फोन करावा. उद्या बघू म्हणू नये.

जुना वाडा

हा धागा वाचून आमची आई शस्त्रक्रियाच रद्द करेल, असे दिसते. बहुतेकांचे सगळे सुरळीत होते, हेही कोणीतरी लिहावे. आणि खर्चाचा अंदाज?

सिडकोकर

जुना वाडा, बहुतेकांचे सुरळीतच होते. ज्यांचे झाले ते असे धागे उघडत नाहीत, इतकेच. खर्चाविषयी एवढे लक्षात ठेवा की, ऑगस्ट 2017 मध्ये केंद्र सरकारने कृत्रिम गुडघ्याच्या किमतीवर मर्यादा घातली. तेव्हा नेहमीच्या कोबाल्ट-क्रोमियमच्या सांध्याची कमाल किंमत 54,720 रुपये ठरली, कर वेगळा. पण ती मर्यादा फक्त सांध्याला आहे. खोली, शस्त्रक्रियागृह, भूलतज्ज्ञ, औषधे यांचा आकडा रुग्णालयाप्रमाणे बदलतो. बिलात सांध्याची किंमत वेगळी लिहून मागावी आणि त्याची स्टिकरे डिस्चार्ज कार्डासोबत जपून ठेवावीत. उद्या काही गुंतागुंत झाली तर पुढच्या शल्यचिकित्सकाला आत नेमके कोणते माप आहे हे त्यावरूनच कळते. खूप वाकणारा म्हणून महागडा सांधा सुचवला, तर त्याने प्रत्यक्षात किती अंश वाढतील असे स्पष्ट विचारा. नेहमीच्या सांध्याच्या तुलनेत फरक फारसा पडत नाही.

सरळ रेषा

जुना वाडा, आईला घाबरवू नका, पण घर आधी तयार करा. न्हाणीघरात धरायला भिंतीत पक्के बसवलेले दांडे, कमोडची उंची वाढवणारे बैठे, पलंगाजवळ रात्रीचा मंद दिवा. फरशी पुसली की ती वाळेपर्यंत रुग्णाने खोलीतून हलायचे नाही, हे कामाला येणाऱ्या मावशींनाही सांगावे. वॉकरच्या पायांची रबरी बुचे झिजतात, ती अधूनमधून उलटून पाहावीत. जिन्यावर चढताना चांगला पाय आधी, उतरताना शस्त्रक्रियेचा पाय आधी, आणि एक हात कठड्यावर. रिक्षात बसताना आधी पाठ करून बैठकीवर टेकायचे आणि मग पाय आत घ्यायचे. जखमेच्या बाहेरच्या बाजूची त्वचा बधिर लागणे, गुडघ्यातून टकटक आवाज येणे, काही महिने ऊब आणि सूज राहणे, हे बहुधा काळजीचे नसते.

गोदाकाठची

सर्वांचे आभार. थोडे उशिरा लिहिते आहे. आम्ही शहरातल्याच दुसऱ्या शल्यचिकित्सकांचे मत घेतले. सीआरपी किंचित वाढलेला होता म्हणून त्यांनी पाणी काढून तपासायला लावले. त्यात जंतू सापडले नाहीत. सांधा नीट बसला आहे, असे दोघांचेही मत पडले. त्यांनी पहिल्यांदाच सासूबाईंना थेट विचारले, "आई, तुम्हाला काय करता यायला हवे आहे?" त्या म्हणाल्या, जिना उतरून काळारामाच्या देवळात जाता आले पाहिजे. मग कोनांचा हिशेब डॉक्टरांनीच त्यांना समजावला आणि सासूबाईंनी होकार दिला. आम्ही सगळे भिंतीला टेकून ऐकत होतो.

गेल्या आठवड्यात पाय वाकवून घेतला. सिडकोकर, तुम्ही लिहिलेला सकाळचा घसरलेला आकडा आधीच वाचला होता म्हणून आम्ही डगमगलो नाही. आता 92 वर आहे आणि टिकून आहे. सरळ होण्यात अजून पाच-सहा अंशांची कसर आहे. लोड जाऊबाईंनी माळ्यावर टाकला आहे, आणि गोळ्यांचे वेळापत्रक सासऱ्यांनीच स्वतःच्या अक्षरात लिहून फ्रीजवर चिकटवले आहे.

मुक्काम देवळाली

92 टिकले हे वाचून बरे वाटले. माझे मत मी बदललेले नाही, कारण माझा गुडघा माझ्याच हट्टाने वाकला. पण तुमच्या सासूबाई जागच्या जागी अडकल्या होत्या, तेव्हा सरळ रेषा यांनी केलेला फरक मला पटतो. उजवा पाय असल्याने एक सांगतो, मोटार चालवण्याची घाई करू नये. ब्रेकवर पाय जोराने आणि अचानक दाबता येतो हे डॉक्टरांनी पाहिल्याशिवाय नको.

गोदाकाठची

सासूबाई मोटार चालवत नाहीत, सासरे चालवतात, आणि तेच अधिक धोक्याचे आहे. सासूबाईंना चैत्रात सप्तशृंगी गडावर जायचे आहे. जाऊ द्यावे का?

रानफूल

आम्ही आईला नेले होते. 2018 पासून पायथ्याशी फ्युनिक्युलर ट्रॉली (चढावर रुळांवरून दोराने ओढला जाणारा डबा) आहे, त्यामुळे पाचशेच्या आसपास पायऱ्या वाचतात. पण चैत्रात गर्दीत ढकलले जाण्याची भीती पायऱ्यांपेक्षा मोठी. यात्रा संपल्यावर, एखाद्या साध्या वारी, सकाळी लवकर न्यावे.

जुना वाडा

आईने तारीख घेतली आहे. दोन्ही गुडघे एकदम करावेत की वेगवेगळे?

सरळ रेषा

हृदय, वजन, साखर आणि फुप्फुसे पाहून ते शल्यचिकित्सक आणि भूलतज्ज्ञ ठरवतील. वेगवेगळे ठरले तर पहिला पाय भार घेण्याइतका भरवशाचा झाल्याशिवाय दुसरा करू नये. आणि मांडीच्या स्नायूंचे व्यायाम आजपासूनच सुरू करा, शस्त्रक्रियेची वाट पाहू नका.

जुना वाडा

आभार. कमोडची उंची वाढवणारे बैठे नाशिकरोडच्या बाजूला कोणाकडे पडून असेल तर सांगावे, नवे घेण्याआधी विचारतो आहे.

सिडकोकर

आमच्याकडे आहे, हातांच्या दांड्यांसह. एका बाजूचा स्क्रू ढिला आहे, तो बदलून घ्यावा लागेल. व्यक्तिगत निरोप पाठवा, रविवारी घरी आहे.